शिशाचं दार आणि उपासाचं मीठ

एका जागी बसवत नाही मला. तेहतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण टेबलामागच्या खुर्चीवर बसून शिकवल्याचा एकही दिवस आठवत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये विद्यार्थी पेपरपेक्षा माझ्या चपलांच्या आवाजाला जास्त वैतागायचे. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या ज्या व्हरांड्यात मी तीन दिवस काढले, तिथल्या वॉचमननं पहिल्याच दुपारी मला हटकलं यात त्याचं काही चुकलं नाही.

"काका, बसून घ्या न गा. तुम्ही चालून राहिले तं मले चक्कर येऊन राहिली."

बसलो. दोन मिनिटांनी पुन्हा उठलो. व्हरांड्याच्या टोकाला फरशीवर एक पिवळा पट्टा ओढलेला होता आणि पट्ट्यापलीकडे एक जाड दार होतं, आत शिसं भरलेलं. त्या दारामागे माझी बायको होती. सकाळीच तिला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली होती. आणि माझ्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेलं, मिठाचं एक रिकामं पाकीट होतं. त्या पाकिटाबद्दल मला तिला आणि तिच्या डॉक्टरांना सांगायचं होतं, आणि मी ते सांगत नव्हतो. बसवत नव्हतं ते त्यामुळे.

आधीचं सांगतो. हिवाळा संपताना हिची मोठी बहीण रामटेकहून आली होती. ताई शेतावर राबणारी बाई, तिची नजर पक्की. चहा पिता पिता ती हिला म्हणाली, "तुही गळ्यातली पोत एका अंगानं उचलल्यासारखी काहून दिसते वं?" आम्ही दोघं एका घरात राहत होतो, रोज समोरासमोर जेवत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं. गळ्यात गाठ निघाली. मग सोनोग्राफी, सुई, रिपोर्ट. थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन करून ग्रंथी काढली. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या वयाच्या, पण बोलायला अगदी सरळ. म्हणाल्या, "कॅन्सरमधला हा त्यातल्या त्यात ऐकणारा आहे. पण गळ्यात काही पेशी उरलेल्या असतील. त्यांना आयोडीन देऊन मारायचं."

त्यातली युक्ती मला फार आवडली होती, हे कबूल करतो. थायरॉइडच्या पेशींना आयोडीन लागतंच. त्यांना दोन आठवडे आयोडीनचा कणही मिळू द्यायचा नाही. त्या भुकेल्या झाल्या की किरणोत्सारी आयोडीनचं ताट वाढायचं. त्या ते हावरटासारखं खातात आणि मरतात. पण सगळी गंमत त्या भुकेत आहे. आधीच पोट भरलेलं असेल तर विषाचं ताट तसंच परत जातं, आणि शत्रू गळ्यात जिवंत राहतो. म्हणून पथ्याचा कागद मिळाला: आयोडीनचं मीठ नाही, दूध-दही नाही, अंडं-मासा नाही, बेकरीचं नाही, तयार पाकिटातलं काही नाही. मीठ हवंच असेल तर आयोडीन नसलेलं, नाहीतर सरळ अळणी.

"स्वयंपाक मी करतो," मी म्हणालो.

ही हसली. ऑपरेशननंतर सुरू झालेल्या थायरॉइडच्या गोळ्या या उपचारासाठी बंद केल्यामुळे तिचा आवाज घोगरा झाला होता, पण हसणं तेच होतं. "तुम्ही? तुम्ही अन् तुमचे ते कण सारखेच आहा. घरातून आरपार जाता, कशाले म्हणून हात लागत नाही."

हे कणांचं प्रकरण जरा उलगडायला हवं. मी एक व्याख्यान देतो, न्यूट्रिनोंवर. शाळांत दिलं, वाचनालयांत दिलं, आमच्या प्रताप नगरातल्या गणपतीत तर इतक्यांदा दिलं की मंडळाचे लोक विषय न विचारताच माझं नाव पत्रिकेत छापतात. सुरुवात ठरलेली. सगळ्यांना अंगठा वर करायला सांगायचा. "या नखाकडे पाहा. आत्ता, या एका सेकंदात, या नखातून सहा हजार कोटींहून जास्त कण आरपार गेले. तुम्हाला गुदगुल्याही झाल्या नाहीत." मग ते येतात कुठून ते सांगायचं. बहुतेक सूर्याच्या पोटातून. सूर्य मावळला म्हणून थांबत नाहीत. तेव्हा ते पृथ्वीच्या दुसऱ्या अंगानं शिरतात, अख्खी पृथ्वी ओलांडतात आणि आपल्या तळपायातून वर निघतात. काही आपल्या डोक्यावरच्या हवेत तयार होतात, दूर अंतराळातून आलेले किरण हवेवर आदळले की. काही पायाखालच्या खडकातून येतात, तिथल्या युरेनियम-थोरियममधून. काही मरणाऱ्या ताऱ्यांतून. मी विद्यार्थी असताना शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला होता, त्याचा उजेड पोचायच्या काही तास आधी त्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर येऊन गेले होते, आणि जगभरात मिळून त्यातले जेमतेम दोन डझन पकडले गेले. काही तर विश्वाच्या जन्मापासून भटकताहेत. आणि काही माणसानं केलेले: अणुभट्ट्यांतले, बाँबमधले, प्रयोगशाळांतल्या मोठ्या यंत्रांतले.

एकदा उमरेडच्या खाणीत हयात घालवलेले एक आजोबा उभे राहिले. "सर, आमच्या कोळशातून निघते का गा हे?" मी म्हणालो, जळण्यातून नाही निघत, पण कोळशात युरेनियम-थोरियमचा अंश असतो, तो गुपचूप सोडत असतो. आजोबा खूष. "मंग आमीबी पाठवून राहिलो म्हणा!" सगळा मांडव हसला. मी त्यांना सांगितलं की तुम्ही स्वतःही पाठवता, खाण नसली तरी. शरीरात पोटॅशियम असतं, त्यातलं थोडं किरणोत्सारी असतं, त्यातून दर सेकंदाला काही हजार निघतात. केळ्यातूनही निघतात. हे केळ्याचं वाक्य हमखास टाळी घेतं.

ही दर वेळी तिसऱ्या रांगेत. सगळं व्याख्यान तिला पाठ. माझी टाळीची जागा आली की तीच आधी टाळी वाजवायची, म्हणजे बाकीचे वाजवतात.

तर स्वयंपाक मी घेतला, आणि आरपार जाणारा माणूस नाही हे दाखवून द्यायचं ठरवलं. दोन आठवडे माझं स्वयंपाकघरावर राज्य होतं. पथ्याचा कागद फ्रिजवर चिकटवला. दूध दाराबाहेरच थांबवलं. तुरीचं वरण, भाकरी, वांग्याची भाजी, दुधी, काकडी. मीठ कोणतं, हा प्रश्न मला क्षणभरही पडला नाही. उपासाचं मीठ. सैंधव. आमच्या घरात एकादशीला, चतुर्थीला तेच चालतं, कारण ते शुद्ध, त्यात काही मिसळलेलं नसतं, हे मी आईच्या तोंडून ऐकत मोठा झालो. किराणा दुकानात जाऊन मी "उपासाचं मीठ द्या" म्हणालो, दुकानदारानं "उपासाचं मीठ" म्हणून पाकीट दिलं, आणि दोघंही समाधानानं आपापल्या कामाला लागलो. विद्यार्थ्यांना मी तेहतीस वर्षं सांगत आलो होतो की प्रश्न दोनदा वाचा, एकक तपासा, डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय रसायनाला हात लावू नका. पाकिटावर काय छापलंय ते मी वाचलं नाही. उपासाच्या गोष्टीवर कोणी काय वाचणार?

बाहेर नागपूरचा एप्रिल पेटलेला आणि ही आत स्वेटर घालून, शाल गुंडाळून बसलेली. गोळ्या बंद असल्या की अंगातली ऊब जाते. चेहरा सुजलेला, चालणं संथ, दोन वाक्यं बोलली की दम लागायचा. कूलर लावला की ती कुडकुडायची आणि बंद केला की मी तडफडायचो. पण जेवायला बसली की म्हणायची, "चव आहे हो तुमच्या हाताले. पथ्याचं वाटतच नाही." मी तेव्हा फुगायचो. आता ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी तिला दवाखान्यात पोचवलं. गोळी दुसऱ्या दिवशी अकराला. सोबत कोणी थांबायचं नाही, सकाळीही येऊन उपयोग नाही, गोळी दिल्यावर या, असं सांगितलं होतं. सकाळी ताई रामटेकच्या बसनं आली. तिची एकादशी होती. माझ्यासाठी पोळ्या आणि स्वतःसाठी भगर करते म्हणाली, आणि डबे धुंडाळताना तिच्या हाती ते पाकीट लागलं. तळाशी दोन चमचे मीठ उरलं होतं. तिनं ते भगरीत टाकलं आणि कचऱ्यात टाकायच्या आधी पाकीट डोळ्यांपासून लांब धरलं. ताईचं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे वाचायला काही मिळालं की ती ते वाचल्याशिवाय सोडत नाही. एकेक अक्षर लावत, मोठ्यानं.

"सै... सैंधव... मीठ. आ... आयोडीन... युक्त." मग माझ्याकडे पाहिलं. "जवाईबुवा, आयोडीन तं बंद होतं न तिचं?"

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा नऊ वाजले होते. मी पाकीट हिसकावून घेतलं. पुढच्या बाजूला मोठी अक्षरं, पानाफुलांची नक्षी, शुद्धतेची ग्वाही. मागे, खाली, बारीक अक्षरांत ताईनं वाचलं ते.

आता मी काय करायला हवं होतं हे कोणालाही कळेल. फोन. दवाखान्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. ताईही म्हणाली, "फोन करा न." मी म्हणालो, "थांबा, आधी पाहू द्या किती फरक पडतो." आणि कॅलेंडरचं जुनं पान काढून, त्याच्या पाठीवर गणित मांडायला बसलो. एक ग्रॅम मिठात आयोडीन किती, ही दिवसाला किती मीठ खात असेल, पथ्यात किती चालतं, भाजी शिजताना किती उडतं. पहिल्यांदा उत्तर आलं ते पथ्याच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मग मला आठवलं की ती हल्ली कमी जेवत होती, म्हणून मीठ कमी धरलं. तरी जास्तच. मग वाटलं, उपासाच्या मिठात तेवढं कोण घालणार, छापलंय त्याच्या निम्मं धरू. मग उत्तर मर्यादेच्या जरा वर येऊन थांबलं. मला हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे बदलत राहणं, याला मी वर्गात कॉपी करण्यापेक्षा वाईट म्हणत असे. त्या सकाळी मी तेच केलं, चार वेळा. खरं म्हणजे मला फरक मोजायचाच नव्हता. डॉक्टरीणबाईंना आणि हिला तोंड दाखवायची वेळ टाळायची होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन लावला.

"गोळी न सर?" पलीकडचा टेक्निशियन उत्साहानं म्हणाला. "दिली न. आज लवकर आली, तं लवकरच दिली. पाचच मिनिटं झाले. मॅडम एकदम ठीक आहेत."

अकराला देतील असं मी धरून चाललो होतो, हे खरं आहे. पण हे वाक्य नंतर मी स्वतःशी इतक्यांदा म्हटलं की खरं असूनही मला त्याची लाज वाटते.

तर तो व्हरांडा. मी पट्ट्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून पट्ट्यापर्यंत चालत होतो. डोकं मात्र सवयीनं आकडेच काढत होतं. हिला शंभर मिलिक्युरीचा डोस दिला आहे. म्हणजे तिच्यातून दर सेकंदाला तीनशे सत्तर कोटी प्रतिन्यूट्रिनो, न्यूट्रिनोंचीच उलटी भावंडं, निघताहेत. सगळ्या दिशांना. शिशाच्या दाराची त्यांना पर्वा नाही. दहा फुटांवर उभ्या असलेल्या माझ्यातून त्यातले दोनेक कोटी आरपार जाताहेत, दर सेकंदाला. इतक्या वर्षांच्या व्याख्यानांत मी अणुभट्ट्या सांगितल्या, बाँब सांगितले, खाण, केळं, काय काय सांगितलं. दवाखान्यात बसलेल्या माणसाचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आणि आता माझी बायकोच उगम होऊन बसली होती.

क्षणभर मला त्यानं बरं वाटलं. म्हटलं, दार बंद असलं तरी तिच्याकडून काहीतरी पोचतंय. पण माझंच शिक्षण मला बरं वाटू देईना. आयोडीन गळ्यातल्या पेशींनी गिळलं असेल तरी तेवढेच कण निघणार, आणि नुसतंच लघवीच्या पिशवीत पडून असेल तरी तेवढेच. ते माझ्यापर्यंत येतात आणि काहीही सांगत नाहीत. जे सांगतात, ते त्याच गोळीतून निघणारे गॅमा किरण, आणि नेमके तेच अडवायला ते दार होतं. त्यातून मी पुन्हा गणितच करत होतो. मी स्वतःला मोठ्यानं एक शिवी दिली. वॉचमननं मान वर केली.

"काही नाही गा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंना गाठलं. पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, कॅलेंडरच्या पानासकट. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"काल सकाळी दहाच्या आत सांगितलं असतं, तर गोळी दिलीच नसती सर. पंधरा दिवस पुढे ढकललं असतं. आता दिलेली परत काढता येत नाही. स्कॅनमध्ये पाहू काय दिसतं ते." मग पाकीट माझ्याकडे सरकवत, "त्यांना मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगतो."

हिचा मोबाइल आत होता, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला. मी पिवळ्या पट्ट्याशी उभा राहून फोन लावला.

"ऐक वं. तुला एक सांगायचं आहे."

"सांगा न. मी कुठं जाऊन राहिली?"

सांगितलं. फोनमधून आतल्या पंख्याचा आवाज येत होता आणि पॉलिथिन चुरचुरत होतं.

इथं हिच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. एका सरकारी ऑफिसात तिनं बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. आलेल्या प्रत्येक कागदावर आल्याचा शिक्का, तारीख, वेळ. पुढे गेला की गेल्याची तारीख, वेळ. साहेब लोक यायचे, बदलून जायचे, पण कोणता कागद कोणाच्या टेबलावर किती वेळ झोपला, हे हिच्या रजिस्टरात असायचं. लोक साहेबांपेक्षा तिला जास्त भ्यायचे.

"कधी समजलं तुम्हाले?" तिनं विचारलं.

"काल सकाळी."

"किती वाजता?"

सव्वादहा म्हणणं फार सोपं होतं. ताई काही बोलली नसती. सव्वादहा, म्हणजे गोळी दिल्यावर, म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं. ते शब्द अगदी जिभेवर होते.

"नऊ," मी म्हणालो.

"अन् फोन कितीले केला?"

"दहा वीस."

"मधात काय करून राहिले होते?"

"गणित."

मग तिचा घोगरा, दमलेला स्वर. "बरोबर आलं का गणित?"

"आलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी टेक्निशियननं तिच्यापासून एक मीटरवर यंत्र धरून किरणोत्साराचा आकडा पाहिला आणि तिला घरी सोडलं. पाचव्या दिवशी स्कॅन झाला. पडद्यावर तिच्या शरीराची धुरकट आकृती होती आणि गळ्याशी एक काळा ठिपका. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक त्यावर ठेवलं. "इथं घेतलंय. पण पुरेसं घेतलं का, ते हा फोटो नाही सांगत. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, तेव्हा कळेल." मिठामुळे नुकसान झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, झालं असेल किंवा नसेल, खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. म्हणजे ज्या उत्तराची मला सगळ्यात भीती होती तेच मिळालं.

आठवडाभर तिच्यापासून सहा फूट लांब राहायचं होतं. ती समोरच्या खोलीत, मी स्वयंपाकघराच्या दारात. ती माझ्याशी बोलायची. सिलिंडर आला का, माळ्यावरच्या टाकीत पाणी चढवलं का, ताई पोचल्याचा फोन आला का. त्या गोष्टीबद्दल अक्षर नाही. मी मात्र घरभर फिरत राहायचो, नळ तपासायचो, बंद असलेला गॅस पुन्हा बंद करायचो. शेवटच्या दिवशी, मी ताट ठेवून मागे सरकत होतो, तेव्हा ती म्हणाली:

"पाकीट नाही वाचलं, त्याचा राग नाही मले. मीही कुठं वाचलं? उपासाच्या मिठावर मलेही शंका आली नसती. पण तो सव्वा तास माझा होता. गळा माझा, गोळी माझी. कागद माझ्या नावानं आलेला, अन् तुम्ही तो स्वतःच्या टेबलावर दाबून ठेवला."

तिनं ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागली.

ते सहा महिने मी फारसा झोपलो नाही आणि बसलो तर त्याहून कमी. प्रताप नगरचे सगळे रस्ते पायाखाली घातले. गणपतीत व्याख्यान होतं, ते टाळायचा प्रयत्न केला, पण पत्रिका छापून झाली होती. माणसानं केलेल्या उगमांशी आलो आणि अडखळलो. अणुभट्ट्या म्हणालो, मोठी यंत्रं म्हणालो, मग म्हणालो, "आणि आयोडीनची गोळी घेतलेला पेशंट. तोही पाठवत असतो. पण त्याच्याकडून येणारे हे कण आपल्याला काही कळू देत नाहीत. त्याला काय होतंय ते त्यालाच विचारावं लागतं." तिसऱ्या रांगेत ही मान खाली घालून बांगड्या सारखी करत होती. केळ्याच्या जागेला तिनं टाळी वाजवली नाही, आणि बाकीच्यांनीही नाही.

ऑक्टोबरात पुन्हा दोन आठवड्यांचं पथ्य लागलं. या वेळी मिठाचा प्रश्नच ठेवला नाही. अळणी. तिचंही आणि माझंही. तिनं मला एकदाही तसं करायला सांगितलं नाही आणि करू नका असंही म्हटलं नाही. अळणी वरणाचा घास पंधरा दिवस गिळला म्हणजे माणसाला स्वतःबद्दल बरंच काही कळतं.

स्कॅनचा रिपोर्ट स्वच्छ आला, हे आत्ताच सांगून टाकतो. लोकांना टांगून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो आणि या गोष्टीत टांगून ठेवायचा माझा कोटा संपला आहे. गळ्यात काही उरलं नव्हतं. पण माझ्या मनात त्या दिवसांतलं जे राहिलं आहे ते रिपोर्टचं नाही, गोळीसाठी निघतानाचं आहे.

ताई आदल्या दिवशीच रामटेकहून आली होती, गडावरचा अंगारा घेऊन. त्या सकाळी स्कॅनसाठीची छोट्या डोसची गोळी होती, मग दोन दिवसांनी स्कॅन. मी फाटकाबाहेर ऑटोवाल्याशी बोलत होतो. मागे वळलो तर उंबऱ्यावर ताई वाटी घेऊन उभी. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, काम फत्ते होतं, ही तिची श्रद्धा. ताईला मीठ चांगलं लक्षात होतं, दही नव्हतं. हिनंही सवयीनं हात पुढे केला होता. चमचा तळहातावर उतरला होता आणि हात तोंडाकडे निघाला होता.

"थांब!"

एवढा ओरडलो की समोरच्या बाल्कनीतल्या बाई बाहेर आल्या. ऑटोचा दांडा माझ्या कोपराला लागला, एक चप्पल फाटकात राहिली. मी जाऊन तिचं मनगट धरलं. दही माझ्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

"काय झालं जवाईबुवा?" ताई घाबरली. "चमचाभर तं हाये!"

"दही चालत नाही. दह्यात असतं."

ही माझ्याकडे पाहत होती. श्वास मला लागला होता, तिला नाही.

"एका चमच्यात असं किती असणार?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "गणित केलं नाही."

तिनं हात माझ्याच शर्टाला पुसला, आधीच खराब झालेल्या जागी. ताईला म्हणाली, "गूळ दे वं ताई, गूळ चालते." गुळाचा खडा तोंडात टाकून ती ऑटोत बसली. मी चप्पल शोधून तिच्या शेजारी बसलो. ऑटो गल्लीच्या तोंडाशी आला.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"आठ दहा."

"आवक आठ दहा," ती समोर पाहत म्हणाली. "जावक आठ दहा."

एप्रिलनंतर ऑफिसातलं काही ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मी दवाखाना येईपर्यंत एका जागी बसून राहिलो.